शॅल, विल आणि 'येणार आहे'

आमच्या पिढीला इंग्रजीचा साधा भविष्यकाळ म्हणजे निव्वळ घोकंपट्टी होती. 'आय' आणि 'वी' असेल तर 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. निश्चय किंवा आज्ञा असेल तर बरोबर उलटे. हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडला, तोही लॅटिन भाषेत! गृहस्थ मूळचे गणिती. अनंताचे ते आडव्या आठासारखे चिन्ह त्यांनीच रूढ केले.

या नियमावरचा एक जुना विनोद मी दरवर्षी वर्गात सांगत असे. पाण्यात पडलेला एक परका माणूस ओरडतो, "आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावरचे व्याकरणप्रेमी म्हणतात, "बुडायचा निश्चयच दिसतोय याचा," आणि चालू लागतात. आता बोलण्यात 'शॅल' उरला आहे तो बहुतेक 'शॅल वी गो?' असे विचारण्यापुरता.

खरे सांगायचे तर मुलांना भविष्यकाळ समजला तो आपल्या मराठीमुळे. 'करीन' म्हणजे 'विल'. आधीपासून ठरले असेल तर 'करणार आहे', म्हणजे 'गोइंग टु'. सगळी व्यवस्था झाली असेल तर 'उद्या येतोय', म्हणजे 'आय अ‍ॅम कमिंग'. मुले हमखास अडखळायची ती 'व्हेन यू विल कम' इथे. कारण पुस्तकी मराठीत 'जेव्हा तू येशील' असते. मग मी म्हणायची, अरे, घरी आई काय म्हणते? 'तू आलास की जेवू.' येण्यात कुठे आहे भविष्यकाळ? इंग्रजीतही तिथे 'विल' नको, नुसते 'व्हेन यू कम'.

निवृत्तीनंतर हे व्याकरण विसरायला हवे होते. पण मुलगा परदेशी असला की आईचे कान क्रियापदावरच असतात. "डिसेंबरात येईन" म्हणाला, की मी नुसते "बरं" म्हणते. "येणार आहे" म्हणाला, की मनात दिवस मोजू लागते. आणि "येतोय" म्हणाला, की तिकीट निघाले असे समजून चकलीची भाजणी भाजायला घेते. नातवाचे सगळे इंग्रजीत. मागच्या वर्षी तो म्हणाला, "आजी, वी विल कम, प्रॉमिस." वचनाला 'विल' अगदी बरोबर आहे, शंभरपैकी शंभर गुण. फक्त त्यात तारीख नसते.

आमचे हे हल्ली फार पुढचे बोलत नाहीत. सत्तरीनंतर साधा भविष्यकाळही तितकासा साधा राहत नाही. तरी मुलांनो, हे वाचत असाल तर नुसते 'येईन' असले तरी कळवत जा. तिकिटाचे मग बघू.