नजर कुणाकडे?

मागून कुणी रोखून बघितलं की पाठीला कळतं, असं आपण छातीठोकपणे सांगतो. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच हे तपासलं. हाती काही लागलं नाही.

समोरून मात्र आपण तरबेज. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग ठळक दिसतो, त्यामुळे नजर जराशी कलली तरी लक्षात येते. तरी डोळ्यांवर सगळं नसतं. वोलॅस्टन या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये चित्रांतून दाखवलं: डोळे तेच ठेवून नाक-तोंड वळवलं, की नजरही वळल्यासारखी वाटते!

आज लोकलमध्ये समोरच्या बाईंना काळा चष्मा. मी नकळत ओढणी सारखी केली. नजर नीट दिसली नाही की मन ‘माझ्याकडेच’ असं धरून चालतं, हे प्रयोगांतही आढळलंय. मला यात सावधपणाच दिसतो. रात्रीच्या डब्यात एकट्या मुलीला तो किती लागतो!