यायावरांचे बेट

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाने गेल्या ज्येष्ठ महिन्यात एक विलक्षण प्रश्न घरात आणून टाकला. तो इंग्लंडातील एका पेढीचे संगणकावरील काम पुण्यात आमच्या माडीवरच्या खोलीत बसून करतो. पेढीने आता असे कळविले की, काम वेळच्या वेळी पोचते आहे तोपर्यंत मनुष्य कोणत्या गावी बसला आहे याची आम्ही विचारपूस करणार नाही. त्यावर त्याने व सूनबाईने मिळून बेत केला की, एक वर्ष सेंट हेलेना बेटावर जाऊन राहावे. "काका, तुम्ही एकदा सगळे वाचून पाहा आणि जागा राहण्याजोगी आहे की नाही ते सांगा, मग आईशी बोलू," असे म्हणून त्याने निवाड्याचे काम माझ्याकडे सोपविले.

बंधू निवर्तल्यास आता नऊ वर्षे झाली. वहिनींचे वय त्र्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. मुलगा एकुलता एक. तेव्हा प्रश्न नुसता भूगोलाचा नव्हता, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

अशा रीतीने काम बरोबर घेऊन देशोदेशी राहणाऱ्या लोकांस 'डिजिटल नोमॅड' म्हणतात, व वृत्तपत्रे त्याचे 'डिजिटल भटके' असे भाषांतर करून मोकळी होतात. मला ते रुचत नाही. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'यायावर'. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रांत गृहस्थांचे जे भेद सांगितले आहेत त्यांत शालीन व यायावर असे दोन येतात. शाळेत, म्हणजे घरात, स्थिर राहतो तो शालीन. आणि वृत्तीसाठी फिरतीवर असतो तो यायावर. दोघेही गृहस्थच, हे विशेष. 'कर्पूरमंजरी'चा कर्ता राजशेखर हा स्वतःस यायावर कुळातला म्हणवितो. त्याच्या पणजोबांस, अकालजलदांस, 'महाराष्ट्रचूडामणि' अशी पदवी होती, आणि पणतू तिकडे कनौजास प्रतिहार राजांच्या आश्रयास होता. विद्या हेच ज्याचे भांडवल त्याने ते घेऊन दूरच्या राज्यात जावे, ही चाल काही गुगलने काढलेली नव्हे.

आता बेट. दक्षिण अटलांटिक महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सोळा अंशांवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर आत समुद्रात ते आहे. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीचा चौथा हिस्साही भरत नाही. वस्ती साडेचार हजारांच्या आत. १६५९ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते, व हिंदुस्थानातून विलायतेस परत जाणारी गलबते तेथे पाणी व भाजीपाला घेण्यास थांबत. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन पुढे असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड करणारा आर्थर वेलस्ली १८०५ साली मायदेशी परतताना याच बेटावर उतरला होता. दहा वर्षांनी वॉटर्लूवर त्याने ज्यास हरविले, त्या नेपोलियनलाही पुढे याच बेटावर धाडण्यात आले. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा झाला, आणि हिंदुस्थानची वाट बेटाला सोडून गेली. तेव्हापासून बेट बाजूस पडले ते पडलेच.

नेपोलियनविषयी एक व्यावहारिक गोष्ट. तो लाँगवुड येथे १८१५ च्या डिसेंबरापासून १८२१ च्या मे महिन्यात मरण येईपर्यंत राहिला, आणि ओल, धुके व उंदीर यांच्याविषयी त्याच्या मंडळींच्या तक्रारी कधी संपल्या नाहीत. त्या तक्रारींत राजकारण होते असे म्हणतात. असेल, पण ओल ती ओलच. त्याच्याही अगोदर, १६७७ मध्ये, विशीतला एडमंड हॅले दक्षिण आकाशातील ताऱ्यांची यादी करण्यास स्वतःची दुर्बीण घेऊन तेथे आला, व उंचावर ठाणे दिल्यामुळे ढगांनी त्याचा छळ मांडला. तरी ३४१ तारे मोजून तो परत गेला. माझ्या मते या बेटावरचा पहिला खरा यायावर हाच. आपली उपकरणे आपल्याबरोबर, काम नेमके, मुदत ठरलेली. पण १७६१ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यास आलेल्या मॅस्केलिनला ऐन वेळी ढगांनी दगा दिला. हे सारे वाचून मी पुतण्यास प्रथम एवढेच लिहून दिले की, घर घ्यायचे तर खाली जेम्सटाउनच्या दरीत किंवा मध्यम उंचीवर घ्यावे, माथ्यावर नको. जेम्सटाउनातून टेकडीवर चढणाऱ्या जेकब्स लॅडर नावाच्या जिन्यास ६९९ पायऱ्या आहेत. पर्वतीच्या पायऱ्या १०३. रोज एकदा चढला तर पोटाचा घेर आटोक्यात राहील.

कामाच्या दृष्टीने पहिला प्रश्न इंटरनेटचा. तारायंत्राचा दोर १८९९ मध्ये बेटास पोचला होता. पण पुढच्या शतकात जग धावत सुटले आणि बेट मागे राहिले. दूरचित्रवाणी आली १९९५ साली, मोबाईल फोन २०१५ साली. इंटरनेट उपग्रहामार्फत येई. ते महाग, मंद व मोजून मापून दिलेले. पोर्तुगालपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत गुगलने टाकलेल्या समुद्राखालच्या केबलची एक शाखा २०२१ च्या ऑगस्टात बेटावर आली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती चालू झाली. केबल एकच आहे, तेव्हा ती कधी तुटलीच तर काय, असे मी विचारले. "काका, आपल्या रस्त्यावर खोदकाम किती वेळा होते?" असा प्रतिप्रश्न आला. त्यास मजजवळ उत्तर नव्हते.

या केबलचे नाव इक्वियानो. ओलाउदा इक्वियानो हा अठराव्या शतकातला, लहानपणी पळवून गुलाम केलेला आफ्रिकी मनुष्य. त्याने पुढे स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले व १७८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. केबल ज्या रूपर्ट्स उपसागरात किनाऱ्यास लागते त्याच्या मागच्या दरीत १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली हजारो माणसे उतरविली होती. सुटका झाली, पण देहांत त्राण उरले नव्हते. सुमारे आठ हजार तेथेच मातीआड झाली. विमानतळाच्या रस्त्यासाठी २००८ मध्ये खणताना ३२५ जणांचे अवशेष वर काढावे लागले. ते पुढे चौदा वर्षे पेट्यांत पडून होते. २०२२ मध्ये त्यांचे पुन्हा दफन झाले. ज्या वाटेने पुतण्याचे काम लंडनला जाणार ती वाट या दरीतून निघते, हे मी त्यास मुद्दाम सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मुलगा चांगला आहे.

दुसरी सोय घड्याळाची. बेटाची वेळ ग्रीनिचची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. येथे तो लंडनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी कामास बसतो व रात्री अकरापर्यंत दार लावून असतो. घरातील जेवणाच्या पंगतीला तो महिन्यातून चार वेळा असेल. तेथे सकाळी आठ-नऊला बसून संध्याकाळी मोकळा होईल. हा लाभ लहान नव्हे.

खाण्यापिण्याविषयी फारसे लिहीत नाही, कारण त्यात आनंदही नाही व संकटही नाही. मासळी विपुल, ती आमच्या उपयोगाची नाही. किराणा केपटाउनहून जहाजाने काही आठवड्यांनी एकदा येतो; जहाज लांबले की दुकानांच्या फळ्या रिकाम्या. 'प्लो' नावाचा मसालेभाताचा एक प्रकार तेथे घरोघरी होतो. त्यात मांस घालतात, पण नाव आपल्या पुलावाचे सख्खे भावंड आहे. कॉफी मात्र बेटावरच पिकते. तिचे बी १७३३ मध्ये येमेनहून आणले होते. आणि साळुंक्या आहेत! आपल्या अंगणातल्याच, कोणी इकडून नेऊन सोडल्या त्या तेथे मातल्या. सूनबाईस ही बातमी सर्वांत आवडली.

आता जी गोष्ट मला अडली ती. २०१७ पर्यंत बेटावर जायचे म्हणजे केपटाउनहून डाकेच्या जहाजाने पाच रात्री. मग सुमारे अठ्ठावीस कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. त्यासाठी एक अख्खी घळ दगडांनी भरून काढली, आणि २०१६ मध्ये विमान उतरवून पाहतात तो कड्यावरून येणारा वारा असा उलटसुलट की, मोठी विमाने उतरविणे धोक्याचे. नियमित फेरी सुरू झाली ती १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, लहान विमानाने, जोहान्सबर्गहून. ती आठवड्यातून एकदा, सामान्यतः शनिवारी असते. हंगामात एखादी अधिक. धुके वा वारा असेल तर तीही पुढे ढकलली जाते. बेटावर एक रुग्णालय आहे. पण दुखणे मोठे असले तर रोग्यास दक्षिण आफ्रिकेत न्यावे लागते, व तसे नेण्याच्या खर्चाचा विमा उतरविल्याशिवाय पाहुण्यास बेटावर घेत नाहीत.

मी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. समजा, रविवारी येथे वहिनींचे काही झाले. आदल्या दिवशीचे विमान गेलेले. निरोप क्षणार्धात पोचेल, तिचा चेहरा पडद्यावर दिसेल, आवाज ऐकू येईल. पण मुलगा पुढच्या शनिवारी निघेल, जोहान्सबर्गास विमान बदलील, आणि पुण्यास यायला आठवा दिवस उजाडेल. दहाव्याच्या पिंडाला तो असेल. अग्नी द्यायला नसेल. केबलने जो भ्रम होतो तो हाच की, बेट जवळ आले. आवाज जवळ आला आहे, मनुष्य अजून नेपोलियनच्याच अंतरावर आहे. ही गोष्ट यायावरांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळली नाही. ती बहुधा अविवाहित व निरोगी आईबापांच्या मुलांनी लिहिलेली असावीत.

आणखी एक बाजू मजपुढे आली, ती बेटकऱ्यांची. ते स्वतःस 'सेंट' म्हणवितात. इंग्रज वसाहतकार, आफ्रिका, मादागास्कर व हिंदुस्थान येथून आणलेले गुलाम, चिनी मजूर अशा सर्वांची ती संतती. विसाव्या शतकात तेथे न्यूझीलंडच्या घायपातीसारख्या एका झाडाच्या वाखापासून सुतळी करीत, आणि ती सुतळी ब्रिटिश टपालखाते पिशव्या व पुडकी बांधण्यास घेई. १९६६ मध्ये टपालखात्याने कृत्रिम धाग्याची दोरी पसंत केली, आणि बेटाचा एकुलता एक धंदा बुडाला. हजारो मैलांवरच्या एका कचेरीत दोरी बदलली, इकडे चुली थंडावल्या! १९८१ च्या कायद्याने त्यांचे पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही गेले. ते २००२ मध्ये परत मिळाले, तेव्हा तरुण मंडळी इंग्लंड, फॉकलंड, असेन्शन अशी पांगली. मागे म्हातारे राहिले. कोकणातल्या ज्या आळ्यांत आज एका घरात एकच म्हातारी पणती लावते, तेथील वाचकांस हे चित्र नवे वाटणार नाही. आता केबल आली आहे, तर तिचा पहिला हक्क कोणाचा? माझ्या मते लंडनात वा स्विंडनमध्ये नोकरी करणाऱ्या त्या सेंट मुलांचा, की ज्यांनी ती नोकरी बरोबर घेऊन आईच्या घरी परत यावे. पाहुणे आले तर दोन पैसे येतील हे खरे. पण भाड्याची घरे थोडी, आणि पाहुण्याला पौंडांत पगार. पेढीने उद्या हुकूम फिरविला की तो निघून जाणार, सुतळीसारखाच. म्हणून पुतण्यास माझी दुसरी अट अशी की, रिकामे घर न अडविता एखाद्या बेटकऱ्याच्याच घरातील खोल्या भाड्याने घ्याव्या, व आठवड्यातून एक संध्याकाळ तेथील शाळेस विचारून मुलांना संगणक शिकवावा. शिकविल्याशिवाय विद्वानाने परक्या गावी अन्न खाऊ नये, असे आमच्या गुरुजींचे मत होते.

एवढे झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. पंचांगाचे पान त्यांच्यापुढे ठेवले आणि रविवारचा हिशेब जसाच्या तसा सांगितला. लपवाछपवी करण्याचे आमच्या घरात वळण नाही. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो माडीवर असतो तेव्हा तरी मला कुठे दिसतो? मी निजले की तो जेवायला खाली येतो. तिथून निदान त्याच्या संध्याकाळी फोन करील."

"त्याची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र."

"मग सकाळी करू दे. कामाला बसायच्या आधी." थोडे थांबून म्हणाल्या, "अग्नी तुम्ही द्याल ना? तुमची प्रकृती बरी आहे."

यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. मी देईन म्हणालो.

तेव्हा माझा निवाडा असा झाला: बेट कामास योग्य आहे, राहण्यास बरे आहे, परतण्यास वाईट आहे, सबब वर्ष नव्हे, सहा महिने. वहिनींची हृदयाची तपासणी कार्तिकात आहे. ती नीट निघाली तर मुले पौषात निघतील, म्हणजे तिकडचा उन्हाळा मिळेल, व आषाढापूर्वी परत येतील. रुग्णालयाच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार तोवर माझ्याकडे व धाकट्या बहिणीकडे राहील. दक्षिण आफ्रिकेतून जाण्याच्या परवानगीचे व विम्याचे कागद सूनबाई जमवीत आहे. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पौषापासूनच्या सर्व शनिवारांभोवती तांबड्या शाईने वर्तुळे काढून ठेवली आहेत.