समुपदेशक घडतो कुठे?

समुपदेशन मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दोन पायांवर उभे असते. एक पाय वर्गात : व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, विकासाचे टप्पे, मानसिक आजारांची ओळख, चाचण्या, संशोधनपद्धती. दुसरा पाय त्या छोट्या खोलीत, जिथे शिकाऊ समुपदेशक पहिल्यांदा खऱ्या क्लायंटसमोर बसतो. पहिल्या पायाची परीक्षा विद्यापीठ घेते आणि गुणपत्रिकेवर तीच दिसते. माणूस समुपदेशक होतो तो मात्र दुसऱ्या पायावर. महाराष्ट्रातल्या अनेक अभ्यासक्रमांत हाच पाय लंगडा आहे.

ही शाखा क्लिनिकल मानसशास्त्राची धाकटी बहीण समजली जाते, पण तिचे माहेर वेगळे आहे. क्लिनिकल मानसशास्त्र रुग्णालयात आणि चाचण्यांच्या टेबलावर वाढले. समुपदेशनाची सुरुवात झाली नोकरीच्या प्रश्नातून. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टन येथे तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे केंद्र उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो अमेरिकन सैनिक घरी परतले. त्यांना शिक्षण हवे होते, काम हवे होते आणि मोडलेली घडी पुन्हा बसवायची होती. इतक्या लोकांना पुरे पडतील एवढे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तेव्हा नव्हतेच. 1949 च्या बोल्डर परिषदेने क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि व्यवसायीही, असे ठरवले. 1951 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील परिषदेने ‘समुपदेशन मानसशास्त्र’ हे नाव पक्के करून त्याच्या डॉक्टरेट-प्रशिक्षणाचे निकष मांडले. माणसात बिघाड काय आहे यापेक्षा त्याच्यात बळ किती आहे याकडे आधी बघायचे, हे या शाखेचे वळण तेव्हापासूनचे आहे.

प्रशिक्षणाच्या पद्धतीत खरी क्रांती केली ती एका यंत्राने. 1940 च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाच्या मुलाखती तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटांचे बोलणे मावत असे. 1942 च्या त्यांच्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या क्लायंटच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या आहेत. त्याआधी समुपदेशक खोलीत काय झाले ते आठवून लिहीत असे आणि ती आठवण त्याच्याच सोयीची असे. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर, आपण क्लायंटला मोकळे बोलू देतो असे मानणारे विद्यार्थी किती वेळा मध्येच तोंड घालतात, सल्ला देतात आणि बोलण्याची गाडी आपल्याला हव्या त्या रुळावर नेतात, हे उघडे पडले.

पुढची पायरी ॲलन आयव्ही यांची. 1968 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाचे सुटे भाग करून शिकवण्याची पद्धत मांडली. लक्ष देऊन ऐकणे, खुला प्रश्न विचारणे, आशय थोडक्यात परत मांडणे, भावना ओळखून बोलून दाखवणे अशी एकेक कौशल्ये घ्यायची. पाच मिनिटांची मुलाखत चित्रित करायची, बघायची, सुधारायची आणि पुन्हा करायची. आज बहुतेक अभ्यासक्रमांचे पहिले सत्र याच वाटेने जाते. या पद्धतीत नजरेला नजर देण्यावर भर होता. ती सगळ्या समाजांत सारखी चालत नाही, हे आयव्ही यांनी पुढे मान्य केले. सासऱ्यांच्या वयाच्या गृहस्थांशी बोलणाऱ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीला ते कुणी सांगायची गरज नसते.

मराठी वर्गात हे शिकवताना एक अडचण हमखास येते. सल्ला देणे हा आपल्याकडे आपुलकीचा पुरावा मानतात. समोरचा रडत असताना गप्प बसणारा माणूस कोरडा वाटतो. म्हणून विद्यार्थ्याला आधी बोलायला शिकवावे लागत नाही, थांबायला शिकवावे लागते. हे काम व्हर्बेटिममधून होते. व्हर्बेटिम म्हणजे सत्रातले संवाद शब्दशः लिहिलेला कागद. त्यात क्लायंटचे वाक्य, समुपदेशकाचे वाक्य, वापरलेले कौशल्य, त्या क्षणी समुपदेशकाच्या मनात काय चालले होते आणि सुपरव्हायझरचा शेरा असे रकाने असतात.

उदाहरणादाखल एक तुकडा घेता येईल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला विषय राहिलेला मुलगा म्हणतो, “घरी सांगायचं धाडसच होत नाही. बाबांनी कर्ज काढलंय.” शिकाऊ समुपदेशिका म्हणते, “बाबा समजून घेतील रे. एकदा बोलून तर बघ.” मुलगा म्हणतो, “हो, बघतो.” कौशल्याच्या रकान्यात तिने ‘धीर देणे’ असे लिहिलेले असते. शेऱ्याच्या रकान्यात सुपरव्हायझर विचारतो, ‘बाबा समजून घेतील हे कशावरून?’ आणि मुलाच्या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारतो. ‘हो, बघतो’ म्हणजे या मुलाने दार लावून घेतले. पुढची दहा मिनिटे तो मान हलवत राहतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. मनातल्या विचारांच्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलेले असते, ‘हा रडला तर काय करू?’ खरी चर्चा या ओळीवर होते. धीर मुलाला दिला की स्वतःला, हा प्रश्न तिथे निघतो. “कर्जाचं ओझं आधीच डोक्यावर, त्यात ही बातमी द्यायची” एवढे म्हणून ती थांबली असती, तर मुलगा कदाचित पुढे बोलला असता.

दुसऱ्या वर्षात प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिप येतात : शाळा, महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था, हेल्पलाइन, रुग्णालयांचे मानसोपचार विभाग. किती तास, हा प्रश्न इथे कळीचा आहे. अमेरिकेत समुपदेशनाच्या मास्टर्स अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था प्रॅक्टिकमसाठी किमान 100 तास मागते, त्यांतले 40 प्रत्यक्ष क्लायंटबरोबर; त्यानंतर इंटर्नशिपचे 600, त्यांतले 240 प्रत्यक्ष. शिवाय दर आठवड्याला सरासरी एक तास व्यक्तिगत सुपरव्हिजन आणि दीड तास गटाची. भारतात समुपदेशनाच्या एम.ए.साठी सर्वत्र बंधनकारक असे तासांचे माप रुळलेले नाही. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दोन वर्षांत अनेक क्लायंटबरोबर काम करून बाहेर पडतो, दुसऱ्याचा चाचण्यांचे जर्नल पूर्ण करून. दोघांच्या पदवीवर शब्द तेच.

तासांइतकेच महत्त्व सुपरव्हिजनला आहे. सुपरव्हायझर म्हणजे तपासनीस नव्हे आणि हजेरीपटावर सही करणारे सरही नव्हेत. जनीन बर्नार्ड यांनी 1979 मध्ये सुपरव्हायझरच्या तीन भूमिका सांगितल्या : कधी शिक्षक, कधी समुपदेशक, कधी सल्लामसलत करणारा सहकारी. विद्यार्थ्याला तंत्र येत नसेल तर शिकवायचे. तंत्र येत असूनही विशिष्ट क्लायंटसमोर तो अडखळत असेल तर त्याच्या आत काय ढवळते आहे ते बघायचे. आणि तो तयार झाला असेल तर त्याच्याबरोबर विचार करायचा. मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी आणखी एक वाट काढली. विद्यार्थी स्वतःच्या सत्राचे चित्रण बघतो, हवे तिथे थांबवतो आणि त्या क्षणी मनात आलेले पण न बोललेले सांगतो. शेजारी बसलेला फक्त प्रश्न विचारतो, शिकवत नाही.

या सगळ्याला एक सुरुंग आहे. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक शिकाऊ समुपदेशकाने सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवल्याचे आढळले. स्वतःच्या चुकाही आणि सुपरव्हायझरविषयीची नाराजीही. त्यात नवल नाही. शिकवणारा आणि गुण देणारा एकच असेल, तर कच्चे व्हर्बेटिम दाखवायला छाती लागते. आपल्याकडे त्यात ‘सरांसमोर कसं बोलायचं’ याची भर पडते आणि गटात सादर होणारी व्हर्बेटिम संशयास्पद सुबक असतात. शक्य तिथे सुपरव्हिजन आणि मूल्यमापन वेगवेगळ्या व्यक्तींकडे देणे हा यावरचा साधा उपाय. तो खर्चिक आहे, म्हणून दुर्मीळ आहे.

नीतिनियमांचा पेपर पाठ करून सुटतो, पण गुप्ततेचा प्रश्न पहिल्याच सत्रात उभा राहतो. आई मुलीला घेऊन येते, बाहेर बसते आणि सत्र संपल्यावर विचारते, “काय म्हणाली?” काय सांगायचे आणि काय नाही, हे मुलगी आणि आई दोघींसमोर आधीच ठरवून घ्यावे लागते. गुप्ततेला मर्यादाही आहेत. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही मर्यादा क्लायंटने बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सांगायची असते, नंतर नव्हे. हे वाक्य रोल प्लेमध्ये मोठ्याने म्हणून बघितलेले नसेल, तर प्रत्यक्षात जिभेवर येत नाही.

विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घ्यावी का, यावर एकमत नाही. मनोविश्लेषणाच्या परंपरेत ती अट होती. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या समुपदेशन मानसशास्त्राच्या पात्रतेतही किमान 40 तासांची व्यक्तिगत थेरपी दीर्घकाळ अपेक्षित होती. त्यामुळे क्लायंटला अधिक फायदा होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. तरीही समोरच्या खुर्चीत बसून बोलायला किती जड जाते, हे समजायला दुसरा मार्ग नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा बराच भार विद्यापीठांच्या भिंतीबाहेर वाहिला गेला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने मानसशास्त्र लोकांच्या रोजच्या प्रश्नांपर्यंत नेले, कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत लिहून आणि शिकवून रुजवली. मराठीत सत्र घ्यायचे आणि इंग्रजीत केस मांडायची, ही कसरत अशा ठिकाणी करावी लागत नाही.

कायद्याचे चित्र अजून अर्धवट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाला जागा आहे, समुपदेशन मानसशास्त्रज्ञाला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातील ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येतही तो येत नाही. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांना प्रथमच एका छत्राखाली आणले, पण त्याचा उपयोग राज्य परिषदा आणि अभ्यासक्रमांचे किमान निकष जागेवर येतील तेवढाच. तोवर सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेला आणि दोन वर्षांचे एम.ए. केलेला, दोघेही दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू शकतात. पदवीनंतरची सुपरव्हिजनही कोणी सक्तीची केलेली नाही. ती हवी असेल तर समुपदेशकाने स्वतः पैसे मोजून घ्यायची, आणि लहान गावात असेल तर बहुधा ऑनलाइन.