टाइप ३, कोड ४

लॉगिन होतं, पिंग जातं, पोर्टही उघडं दिसतं. पण खातेदाराचा वर्षाचा उतारा मागितला की स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. अशी तक्रार फोनवर ऐकली की मला आजही उकळ्या फुटतात. लाइनवाला म्हणतो लाइन चोख, सॉफ्टवेअरवाला म्हणतो सर्व्हर चोख, आणि दोघंही खरं बोलत असतात. त्या भांडणात जायचं, कुणाला काही न सांगता राउटरवर एक ओळ टाइप करायची आणि चहा मागवायचा, ही माझी चैन. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने ती संपवली, म्हणून लिहायला बसलो.

दुखणं एमटीयूचं. इथरनेटवर १५०० बाइट. शाखेची ब्रॉडबँड पीपीपीओई असेल तर ८ गेले, उरले १४९२. त्यावर आयपीसेकचा टनेल. सायफर कोणता त्याप्रमाणे तो आणखी पन्नास-सत्तर खातो. सर्व्हरला यातलं काही ठाऊक नसतं. तो डीएफ लावून पूर्ण मापाची पॅकेटं सोडतो. मधला राउटर ती टाकून देतो आणि उलट निरोप धाडतो, आयसीएमपी टाइप ३ कोड ४: पॅकेट मोठं आहे, तुकडे करायला मनाई आहे, पुढे एवढंच माप चालेल. मोगल आणि डीअरिंग यांनी १९९०च्या आरएफसी ११९१मध्ये सगळी भिस्त या एका निरोपावर ठेवली. आणि आमच्याकडच्या फायरवॉलवर नियम काय, तर पिंगपुरती सूट, बाकी आयसीएमपी डिनाय. घाटात पुढे रस्ता अरुंद आहे हे सांगायला आलेल्या माणसालाच नाक्यावरून हाकलायचं आणि मग ट्रक का अडकले याची चौकशी लावायची!

गंमत पाहा. नव्वदीच्या उत्तरार्धात ‘पिंग ऑफ डेथ’ने आणि मग ‘स्मर्फ’ने लोकांची झोप उडवली, तेव्हापासून आयसीएमपी बदनाम झालं. ते दोन्ही हल्ले पिंगचे, म्हणजे एकोचे. आज सूट कुणाला, तर एकोला; आणि बंदी त्या निरुपद्रवी निरोपावर. एका ऑडिटरला विचारलं, नेमका कोणता टाइप बंद करू? म्हणाले, सगळेच करा, सेफ असतं.

कॅप्चर शाखेत लावून उपयोग नाही, मोठं पॅकेट तिथे पोचतच नाही. मुख्य कचेरीत, सर्व्हरच्या बाजूला लावायचा. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. शाखेची इवलीशी रिक्वेस्ट येते. सर्व्हर १४६० बाइट गच्च भरून उत्तर सोडतो. अ‍ॅक नाही. तेच पॅकेट पुन्हा. मग दुप्पट थांबून पुन्हा. मग त्याच्याही दुप्पट. वायरशार्कमध्ये काळ्यावर लाल अक्षरांच्या ओळी साचत जातात आणि प्रत्येक ओळीमागचं अंतर वाढत जातं. निदान केव्हाच झालेलं असतं, तरी मी बघत बसतो. मागे कुणी उभं असेल तर जरा जास्तच वेळ.

इलाज म्हणजे एमएसएस क्लॅम्प: जाता-येता सिनमधला आकडा खाली आणायचा. ती एक ओळ मीही टाकतो, पण ते ठिगळ आहे. फक्त टीसीपीला लागू पडतं, यूडीपी वाऱ्यावर. हल्लीचे मोठे इंटिग्रेटर तर सगळ्या शाखांना सरसकट १३०० ठोकून बिल लावतात. कुठल्या लाइनीवर किती बाइट जातात हे मोजायची कुणाला गरजच वाटत नाही.

या मुलीने मोजलं. एकदा परतीच्या एसटीत तिने विचारलं, “सर, दर वेळी आपणच का जायचं?” मग शाखेच्या पीसीवर तिने एक बॅच फाइल ठेवली. ती डीएफ लावून १४७२पासून उतरत्या मापाचे पिंग सोडते. ज्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवून एमटीयू दाखवते. शाखाधिकारी तो आकडा फोनवर सांगतात, ती ऑफिसातूनच राउटर सुधारते. मी म्हणालो, असलं काही लोकांच्या हातात देऊ नये. “का, सर?” मला कारण सांगता येईना. कारण एवढंच होतं की मग मला कोण बोलावणार?

तसं हे दुखणंही आता उताराला लागलंय. २०२१च्या आरएफसी ९०००मधला क्विक १२०० बाइटने सुरुवात करतो आणि त्याहून मोठं माप जातं का हे स्वतःच चाचपू शकतो. मधल्या राउटरच्या निरोपावर तो अडून राहत नाही. शहाणपण आहे. मला मात्र ते आवडत नाही. निरोप अडवणाऱ्यांपुढे हात टेकल्यासारखं वाटतं.

फायरवॉल ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती: आयपीव्ही४वर टाइप ३ कोड ४ सोडा, आयपीव्ही६वर टाइप २ सोडा. आयपीव्ही६मध्ये मधला राउटर तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथे हा निरोप अडवणं जास्त महागात पडतं. ऑडिटरने हरकत घेतली तर त्यांच्यापुढे आरएफसी ४८९० ठेवा. फायरवॉलवर आयसीएमपीव्ही६मधलं काय अडवू नये, ते त्यात २००७पासून लिहिलेलं आहे.