उंबरठा नसलेलं दार

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यांचे उंबरठे चांगले वीतभर उंच असायचे. सणासुदीला त्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटायची, आणि त्यांना अडखळून कुणाकुणाची खुब्याची हाडंही मोडायची. 2024 मध्ये महारेरा या गृहनिर्माण नियामकानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, त्यांत दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं, असं स्पष्ट लिहिलं आहे. न्हाणीघरात धरायला दांडे हवेत, फरशी न घसरणारी हवी. आत्यासाठी जागा बघत फिरताना मी ते वाचलं, आणि त्या कोरड्या सरकारी ओळींतली माया मला फार जाणवली. चाकांची खुर्ची दारात अडू नये, एवढाच विचार कुणीतरी नीट केला होता.

आत्याला मात्र आधी एक शब्द गिळायचा होता : वृद्धाश्रम. सत्तरच्या दशकात जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ नाटक बघून तिची अख्खी पिढी डोळे पुसत घरी आली. आज तीच माणसं त्यातल्या एकट्या पडलेल्या नाना-नानींच्या वयाची झाली आहेत. मुलं परदेशी, कोथरूडचा फ्लॅट मोठा, दिवसभराला ब्युरोची बाई. घर सोडलं म्हणजे मुलांनी टाकलं, हे मनात इतकं घट्ट बसलंय, की आपणहून, हातीपायी धड असताना, हौसेनं जागा बदलणारा म्हातारा लोकांना पटतच नाही.

आणि जागा तरी एका जातीच्या कुठे आहेत? नवी पेठेतलं ‘निवारा’ बघा. डेव्हिड ससून यांच्या नावाचं एकोणिसाव्या शतकातलं अनाथ पंगू गृह ते. पुणेकर तिथल्या सभागृहात व्याख्यानं ऐकायला जातात आणि मागे माणसं राहतात हे विसरतात. कर्वेनगरला ‘मातोश्री’ आहे. ज्यांच्यापाशी काहीच नाही अशांसाठी ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. दुसऱ्या टोकाला परांजपे बिल्डर्सची ‘अथश्री’ संकुलं : पाषाण, बावधन, बाणेर. तिथे घर आपलं, कुलूप आपलं, स्वयंपाकाचा कंटाळा आला तर जेवणाची सोय, संध्याकाळी बागेत भजनापासून ब्रिजपर्यंत सगळं. आत्या त्या बागेत बाकावर बसली आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या बाईंशी तिची हुजूरपागा शाळेतली ओळख निघाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कितीतरी दिवसांनी पाहिला.

पण माझा जीव अडकतो तो या दोन टोकांच्या मधे. आंघोळीला हात लागतो, गोळ्या कुणीतरी काढून द्याव्या लागतात, बाकी माणूस खणखणीत : अशांसाठी मदतीसह राहण्याच्या जागा निराळ्या. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केंद्रं निराळी. आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची तर अगदीच निराळी, कारण तिथे पाय चालत असतात आणि वाट हरवलेली असते. ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे हत्तीमागे निघून जातात, तो प्रसंग ज्यांच्या घरी घडलाय त्यांना हे समजावावं लागत नाही. नेदरलँड्समध्ये वेस्पला अशांसाठी होगेवेक नावाचं गावच वसवलंय, दुकान-रस्त्यांसकट, म्हणजे भटकणाऱ्याला भटकू देता येतं. आपल्याकडे बहुतेक वेळा दाराला बाहेरून कडी लागते.

जाहिरातीतल्या बागा, योगवर्ग मला दुय्यम वाटतात. विचारायचं ते हे : मी इथे आजारी पडले, उठता येईनासं झालं, तर इथेच सांभाळाल की पुन्हा सामान बांधायला लावाल? ऐंशीनंतरचं दुसरं स्थलांतर माणसाला फार खचवतं. हा प्रश्न मुलांनी नव्हे, ज्यानं राहायचंय त्यानं विचारावा, तोंडात शब्द आणि सहीत जोर आहे तोवर.

आत्यानं कालनिर्णयच्या जुन्या पानामागे प्रश्न लिहून काढलेत. रात्री दोनला घंटा वाजवली तर कोण येतं? डॉक्टर राहतात की येतात? डिपॉझिट किती दिवसांत परत? माझा तंबोरा ठेवता येईल का? एका ठिकाणी व्यवस्थापक पहिल्याच प्रश्नाला गोलगोल बोलायला लागले, तशी ती चहा न घेता उठली. आता गुरुवारी आणखी एक जागा बघायची आहे. आधी कळवायचं नाही, बरोबर साडेबाराला पोहोचायचं आणि तिथल्यांच्या पंगतीत बसून जेवायचं, असं तिनं मला बजावलंय.