शेपूट आहे तोवर...

नोकरी सोडल्याचं मी घरी फोनवर सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग अण्णांनी एकच प्रश्न टाकला, "मग खाणार काय?"

'का सोडलीस?', 'कुणाशी भांडलीस का?' या सगळ्या पायऱ्या गाळून थेट ताटावर! 'फ्रीलान्सिंग' असं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण पुण्याहून भवानीनगरला पोहोचेपर्यंत त्याचं 'पोरगी घरी बसली' असं झालं असतं. म्हणून "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं उत्तर मिळालं महिनाभराने. आंबोलीत, रात्री साडेदहाला, भर पावसात. तेसुद्धा एका बेडकाकडून. हसू नका, सांगते.

फ्रीलान्सर म्हणून मिळालेली पहिलीच असाइनमेंट होती, 'पावसाळी वीकएण्डला हटके काय कराल?' छापाची. सावंतवाडी तालुक्यातलं आंबोली म्हणजे बेडूकप्रेमींची पंढरी. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन इथे बेडूक बघत हिंडायचं. आमच्या ग्रुपमध्ये आयटीवाले, बँकवाले, एक नवं नवं लग्न झालेलं जोडपं. आणि मी. भवानीनगरच्या पोरीला बेडूक बघायला आंबोलीला नेणं म्हणजे कोल्हापूरकराला मिसळ खायला पुण्यात आणण्यासारखं!

पण गाइड भन्नाट होता. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर त्याने पांढऱ्या फेसाचा गोळा दाखवला. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. आतले टॅडपोल तयार झाले की टपाटप खालच्या पाण्यात पडतात आणि तिथे त्यांचं खाणं सुरू होतं. पुढे ओल्या कातळावर चिकटलेले टॅडपोल दिसले, इंडिराना नावाच्या बेडकांचे. हे डबक्यात राहतच नाहीत. कातळावरून झिरपणाऱ्या पाण्यातच चिकटून शेवाळ खरवडत बसतात. आणि 'आंबोली बुश फ्रॉग' या इटुकल्या बेडकाचा थाट तर वेगळाच. त्याच्याकडे टॅडपोल हा प्रकारच नाही. अंड्यातल्या बलकावर पोसून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो.

"हा घरून डबा घेऊन आलेला," गाइड म्हणाला.

"आणि डबा नसणाऱ्यांचं काय?" मी उगाच विचारलं.

त्याने जे सांगितलं, ते ऐकून मी नोट्स घ्यायचीच विसरले. टॅडपोलच्या तोंडाला छोटीशी कडक चोच असते आणि ओठांवर किसणीसारख्या दातऱ्यांच्या ओळी. शेवाळ, कुजकी पानं खरवडायची आणि गिळायची. हे पचायला वेळ लागतो, म्हणून आतडं लांबलचक, जिलेबीसारखं वेटोळं घातलेलं. मोठा बेडूक याच्या नेमका उलटा. पक्का मांसाहारी, आतडं आखूड. चिकट जीभ तोंडात पुढच्या बाजूला जोडलेली, किडा दिसला की फट्! गिळताना त्याचे डोळे आत ओढले जातात आणि घास घशाखाली ढकलायला मदत करतात.

थोडक्यात, एकाच जन्मात एक तोंड टाकायचं आणि दुसरं लावायचं. मधल्या काही दिवसांत जुनी चोच गळालेली असते, नवं तोंड पुरतं तयार नसतं, आतड्याची दुरुस्ती चालू असते. तेव्हा तो काही खातच नाही.

"मग जगतो कसा?"

"शेपटावर. ते आतल्या आत विरघळतं आणि त्याच्याच अंगी लागतं."

मला एकदम हॉर्लिक्सची बाटली आठवली. तिसरीत होते. घरामागच्या डबक्यातून मी 'मासे' पकडून आणले होते. रोज चपातीचा चुरा टाकायचे. एक दिवस माशांना पाय फुटले आणि त्यांनी खाणं सोडलं. मी रडून गोंधळ घातला. शेवटी आईने बाटली डबक्यात ओतायला लावली. माझ्यामुळे ते आजारी पडले, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं. ते आजारी नव्हतेच. कामात होते!

आमच्याकडचा खरा दादा म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. पहिल्या मोठ्या पावसात नर पिवळेधमक होतात आणि गळ्याशी निळे फुगे फुगवून रात्रभर डरावतात. याचे टॅडपोल शेवाळावर भागवत नाहीत, शेजारचे टॅडपोल खातात. (माझं जुनं ऑफिस आठवलं, पण ते असो.) मोठेपणी किड्यांपासून उंदरापर्यंत काहीही चालतं. याच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जायच्या. शेतातले किडे मग कोण खाणार, असा आवाज मुंबईच्या हुमायून अब्दुलालींसारख्या निसर्गअभ्यासकांनी उठवला आणि १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. पण मधले उपाशी दिवस या दादालाही चुकत नाहीत. शेजाऱ्याला खाऊन वाढलेल्यालाही शेवटी स्वतःच्याच शेपटावर दिवस काढावे लागतात.

हा पिवळा दादा डरावायला लागायचा, तेव्हा आमच्या कारखान्याचा भोंगा बंद असायचा. अण्णा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू, उन्हाळ्यात पट्टा पडला की हंगाम संपला. पुढचे महिने हातात येणार ते रिटेन्शन, म्हणजे पगाराचा एक तुकडा. बाकी कणगीतली ज्वारी आणि किराणा दुकानातली आमच्या नावाची वही. मी बारावीत असताना ते कायम झाले. तोवर दर पावसाळ्यात ते घरी असायचे, मला सायकलवर पाटापर्यंत फिरवायचे. अण्णांना पावसाळ्याची सुट्टी असते, असं मला वाटायचं. शाळेत मी ते मिरवायचेसुद्धा!

म्हणजे 'मग खाणार काय?' हा टोमणा नव्हता. तो प्रश्न त्यांनी दरवर्षी स्वतःला विचारलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोलीतूनच फोन लावला. "अण्णा, पावसाळ्यात आपण काय खायचो हो?"

"का गं, आज काय एकदम?"

मग मी त्यांना सगळा बेडूक सांगितला. चोच, आतडं, शेपूट. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

"शिल्लक किती आहे तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"चार महिने निघतील."

"चार? मग काय! आमचं शेपूट कधी दोन महिन्यांच्या वर नव्हतं." ते हसले. मी मात्र नाही हसू शकले. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "शेपूट आहे तोवर भ्यायचं नाही. पण ते संपायच्या आत कामाला तोंड फुटलं पाहिजे, एवढं बघ."

त्याला आता तीन महिने झाले. भाड्याची तारीख आली की पोटात अजूनही गोळा येतो. रात्री दोनला बँकेचं अॅप उघडून शेपूट मोजते. पण परवा दोन लेख गेले, एकाची विचारणा आहे, आणि हा तुम्ही वाचताय.

तोंड फुटलंय, अण्णा. पेमेंट तेवढं यायचंय.