सुपरमॅनचा बाप

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहात वर्गप्रतिनिधी कोण व्हावा यावर कधी दोन मिनिटांच्या वर चर्चा झाली नाही. सुपरमॅन कोण व्हावा यावर मात्र जेवणाची ताटे वाळून गेली. २०२५ च्या जुलैमध्ये जेम्स गनचा नवा ‘सुपरमॅन’ लागला आणि डेव्हिड कोरेन्स्वेट या नटावरून दोन पक्ष पडले. एकीचे म्हणणे, हेन्री कॅव्हिलसारखी हनुवटी याची कुठे? दुसरीच्या मते १९७८ चा ख्रिस्तोफर रीव्ह तेवढा खरा, बाकीचे सोंग आणलेले. तिसरी एवढ्यावरच खूश होती, की २०१३ साली काढून टाकलेली लाल चड्डी परत आली.

हा हट्ट आजचा नाही. १९८८ साली बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटनची निवड झाली, तेव्हा विनोदी कामे करणारा नट आम्हाला नको, अशी हजारो पत्रे स्टुडिओकडे गेली. पुढच्या वर्षी चित्रपट आला, तुफान चालला, आणि आज जुने चाहते त्याच कीटनची आठवण काढतात. कॅव्हिलची निवड झाली तेव्हाही, अमेरिकेचा वीर आणि नट इंग्रज, म्हणून नाके मुरडली गेली होती. लोक अशा चाहत्यांना हसतात. मला हसू येत नाही. ज्या गोष्टीवर आपला जीव आहे, तिच्यात कोणी परका येऊन बसला की पोटात कालवतेच.

पण माझा जीव हनुवटीवर नाही. मी सुपरमॅनचा बाप बघते.

आकाशातून पडलेले ते पोर वाढते कॅन्ससमधल्या जोनाथन आणि मार्था केंट या शेतकरी नवरा-बायकोच्या घरी. मोठे झाल्यावर ते शहरात जाते, चष्मा लावते, वर्तमानपत्रात नोकरी धरते आणि आपण कोण हे लपवून ठेवते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे त्याच्या उडण्यापेक्षा त्याचे हे लपवणे मला जास्त कळते.

प्रत्येक नव्या चित्रपटात हा बाप बदलतो. १९७८ च्या चित्रपटात ग्लेन फोर्डने केलेला बाप हृदयविकाराने अंगणात कोसळतो. अंगात एवढी ताकद असून मुलगा त्याला वाचवू शकत नाही. चाहत्यांना हे मरण पटलेले आहे. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये केव्हिन कॉस्टनर बाप झाला. नदीत पडलेली शाळेची बस मुलाने वर काढली, तर हा म्हणतो, लोकांना कळायला नको होते. मग काय मुलांना मरू द्यायचे होते, असे मुलगा विचारतो, तेव्हा तो ‘कदाचित’ असे उत्तर देतो. पुढे चक्रीवादळात स्वतः सापडल्यावर हात वर करून मुलाला लांबच थांबवतो आणि मरतो. यावर चाहते आजही चिडतात. सुपरमॅनचा बाप असे बोलेल का, असे आमच्या मेसमध्येही विचारले गेले.

बोलेल. प्रवेशाच्या दिवशी बाबा फाटकाच्या आत आले नाहीत. पायाले चिखल हाये म्हणाले. चिखल नव्हता. बाहेर लिंबाखाली उभ्याउभ्या त्यांनी एकच उपदेश केला, “कोनाले काई सांगत नोको बसू आपल्या घरचं. चुपचाप शिकजो.” आमचे तीन एकर कोरडवाहू, बँकेचे कर्ज, आमची जात, आमचे बोलणे, यातले काही उघडे पडले तर पोरीला कोणी बसू देणार नाही, ही ती भीती. कॉस्टनरने हात वर केला तेव्हा मला तो हात ओळखीचा वाटला. त्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यांनी बापाला भीती दिली, पण त्या भीतीतून बाहेर यायला आयुष्य दिले नाही.

नव्या चित्रपटात बाप जिवंत आहे. प्रुइट टेलर व्हिन्सने केलेला हा म्हातारा स्थूल आहे, अडखळत बोलतो. जन्मदात्यांनी आपल्याला पृथ्वीवर राज्य करायला पाठवले होते, हे कळून मुलगा खचतो. या बदलावरही बरेच चाहते नाराज झाले. पण मग हा म्हातारा त्याच्याजवळ बसतो आणि समजावतो, की तू कोण हे तुझ्या वागण्यावरून ठरते. तेव्हा शेजारची मैत्रीण पुटपुटली, “आईबाप एवढे गावंढळ कशाला दाखवले?” नायक खेड्यातला चालतो, पण त्याच्या आईबापांवर खेडे दिसता कामा नये, हीसुद्धा एक अपेक्षाच. मी तिला म्हटले, “शेतात राबणारी माणसे अशीच दिसतात.” ती पुढे काही बोलली नाही.

‘मुळात होते तसेच दाखवा’ अशी मागणी नेहमी होते. मुळात काय होते? जून १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात केंट नवरा-बायको नाहीतच. पोर अनाथाश्रमात जाते. आईबाप आले १९३९ साली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी ही कथा रचली आणि तिचे हक्क १३० डॉलरला विकले. दोघेही परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ साली तिथे चोर शिरले आणि त्याच प्रसंगात ते गेले. त्याने सुपरमॅन त्यामुळेच रचला असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या अंकात बाप नव्हता आणि पुढे कोणाला तरी तो हवासा वाटला, हे मला महत्त्वाचे वाटते. गोष्ट बदलली म्हणून तर तिच्यात माझ्यासाठी जागा झाली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी विचारले, “एवढं काय हाये त्या सिनेमात?” उडणे, लेसर, दुसरा ग्रह, हे सगळे सांगायला घेतले आणि सोडून दिले. म्हटले, “एका शेतकऱ्याचा पोरगा शहरात जातो.”

बाबा कापूस वेचत होते. मान वर न करता म्हणाले, “मंग येते का थो घरी?”

“हो,” मी म्हटले, “या खेपेला येतो.”